मोरीचा दगड

रेल्वेनं ठोकलेल्या खुंटीला रतनबाईनं म्हैस बांधली, आणि म्हैस खुंटीसकट ओढ्यापलीकडं गेली. म्हैस संध्याकाळी सापडली. खुंटी सापडली नाही. दोन दिवसांनी मोजणीचा माणूस आला, साखळी टाकून बघितली, माप जुळेना, तेव्हा तो दारात येऊन ओरडला, "सरकारी खुंटी कुणी काढली?"

"म्हशीनं," रतनबाई म्हणाली. "तिला नोटीस आली न्हवती."

आंबळवाडीला हे आठवडाभर पुरलं. कामशेतच्या बाजारात लोक तिच्या नवऱ्याला, महिपतीला, थांबवून विचारायचे, म्हैस बरी आहे ना. महिपतीला हसू येत नव्हतं. नोटीस त्याच्या कनवटीला होती. वाचता येत नव्हतं तरी तो ती दिवसातनं तीनदा उघडून बघायचा.

नोटिशीत काय आहे ते एव्हाना पोराटोरांनाही पाठ होतं. पुणे-लोणावळा लायनीवर विजेची गाडी येणार. पुण्यात कामाला जाणाऱ्यांसाठी सकाळ-संध्याकाळ जादा गाड्या सुटणार. त्या गाड्यांचे डबे रात्री कुठंतरी उभे करायला पाहिजेत. लोणावळ्याला डोंगर, तळेगावला वस्ती. मधे रेल्वेला सपाट जागा दिसली ती आंबळवाडीची, लायनीच्या खालच्या अंगाची थोरली खाचरं. आठ रूळ, एक विहीर, एक खोली, भोवतीनं तारेचं कुंपण. वैशाखात प्रांतसाहेब चावडीवर येऊन लोकांच्या हरकती ऐकणार.

थोरली खाचरं रखमाजीआबांची. महिपतीचे वडील. डोंगराच्या उतारावर आणखी तुकडे होते, पण तिथं नाचणी आणि वरई. घरात शिजणारा सगळा भात थोरल्या खाचरांतला. ती गेली की तांदूळ कामशेतच्या दुकानातनं आणायचा, हे रतनबाईला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तर तिनं म्हैस तिथं बांधली होती. खुंटी उपटायचं धाडस तिला स्वतःला झालं नसतं.

*

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी तळेगावहून माधवराव वकील आले. पडवीत घोंगडं टाकलं. आबा खांबाला टेकून बसले. त्यांच्या शेजारी भिमाजी, आबांचा चुलतभाऊ. थोरल्या खाचरांच्या वर लागूनच भिमाजीची खाचरं, ती रेल्वेच्या यार्डात जात नव्हती. महिपतीचा धाकटा भाऊ मारुती लोणावळ्याहून सकाळच्या गाडीनं आलेला, रेल्वेच्या शेडमधला निळा डगला अजून अंगात. आणि त्या दोघा भावांची बहीण नंदाबाई पडळवाडीहून दीड कोस उन्हातनं चालत आली होती. पडळवाडी ओढ्याच्या खालच्या अंगाला. आबांच्या खाचरांतनं उतरलेलं पाणी तिच्या सासरच्या खाचरांत जायचं.

माधवरावांनी चष्मा लावला, कागद काढला, आणि पहिल्याच वाक्यात सगळ्यांना गप्प केलं.

"रखमाजी, तुमची ही जमीन सरकारी दप्तरात वरकस आहे."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"वरकस म्हणजे डोंगरपड. गवताची. भाताची नाही. रेल्वे म्हणते, आम्ही पडीक गवताळ जागा घेतोय, कुणाच्या पिकाला धक्का नाही. आणि दप्तर त्यांच्या बाजूनं आहे. मी येताना बघत आलो, चांगली बांध घातलेली खाचरं आहेत. हे झालं कसं?"

नंदाबाईला एकदम हसू फुटलं. तिनं तोंडाला पदर लावला, पण उशीर झाला होता. महिपतीनं तिच्याकडं रागानं बघितलं आणि मग त्याचीच मान खाली गेली.

कारण हे कसं झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दर पावसाळ्यात आबा ते सांगायचे. चाळीस वर्षांपूर्वी सरकारची मोजणी आली. भाताच्या जमिनीला सारा जास्त, वरकसाला नावाला. आबा तेव्हा पंचवीस वर्षांचे. त्यांनी मोजणी यायच्या आधी महिनाभर थोरल्या खाचरांचे बांध फोडले. मोऱ्यांचे दगड उपटून मातीत पुरले. एका खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरायला बांधात दगडाची मोरी असते, ती दिसली की कुणीही ओळखेल की इथं भात होतो. मग गावची गुरं आणून सोडली. टोपीवाला साहेब आला तेव्हा सगळीकडं शेण आणि वाळकं गवत. साहेब घोड्यावरनं उतरलासुद्धा नाही. पुढच्या मृगाला बांध परत उभे, मोऱ्या परत जागच्या जागी. ओढ्याकाठच्या सगळ्यांनी आबांचं बघून तसंच केलं. आबा ही गोष्ट सांगताना साहेबाची टोपी डोक्यावर चेपायची नक्कल करायचे आणि दरवर्षी लोक हसायचे.

आज ती महिपतीनं सांगितली. नक्कल न करता. चार वाक्यांत.

माधवरावांनी चष्मा काढला. "मग उद्या हेच प्रांतांना सांगावं लागेल. रखमाजींनी स्वतः."

"वकीलसायब, येड लागलंय का?" भिमाजी ताडकन म्हणाला. "भाऊनं तोंड उघडलं की साहेब म्हननार, बाकीच्यांचं बी बघा. वढ्याकाठाला चौदा घरं हायेत. समद्यांचा सारा वाढंल. जमीन यकाची जानार आन् भुर्दंड गावाला?"

"काका, तुमची खाचरं ऱ्हात्यात म्हनून बोलताय," नंदाबाई म्हणाली.

"मग काय खोटं बोलतोय?"

"खोटं न्हाई. पन आमचं काय? हितं भराव पडला की खाली पानी यायचं बंद. पडळवाडीतली वीस घरं कोरडी. आन् आमची जमीन जात न्हाई म्हनून आमाला नोटीस बी न्हाई." ती वहिनीकडं वळली. "म्हशीवानी."

दाराच्या आतून रतनबाई म्हणाली, "म्हशीचं तरी लोक इचारत्यात, वन्सं."

माधवराव दुसरा कागद उलटत होते. "आणखी एक गोष्ट आहे. रेल्वेनं अर्जासोबत एक संमती जोडली आहे. हिस्सेदाराची. जमीन द्यायला आमची हरकत नाही म्हणून." त्यांनी कागद जरा लांब धरला. "आबा हयात आहेत, त्यामुळं कायद्यात तिला फारसं वजन नाही. पण प्रांत वाचणार. मारुती रखमाजी."

मारुती पायाच्या अंगठ्यानं सारवणाचा पोपडा काढत बसला होता.

"अंगठा हाये का सही?" महिपतीनं विचारलं.

"सही," मारुती म्हणाला. "तूच मला शाळंत घातलंस, दादा."

महिपती उठायला लागला. नंदाबाईनं त्याचं धोतर धरलं.

"ऐकून तरी घे," मारुती म्हणाला. आता त्याचा आवाज चढला. "पाच वर्सं झाली मला शेडात. अजून कच्चा. कवा बी काढून टाकत्यात. फोरमन म्हनला, यार्ड झालं की तुला पक्का करतो, आन् तुज्या गावची तीस मानसं घेतो. तीस! दिवाळी झाली की निम्मं गाव मुंबईला गोदीत जातं का न्हाई? घरी बायकापोरं, ती तिकडं हमाली करत्यात. हितं दारात काम आलं तर वाईट हाये का? खाचरं काय, वर्सातनं चार म्हयनं. आन् ती बी तुज्या हातात. मला काय येतं त्यातलं? दिवाळीला यक पोतं."

"पोतं मी सोता गाडीत घालून देतो," महिपती म्हणाला. "तुजं हमालाचं पैसं वाचावं म्हनून."

"बगा," भिमाजी म्हणाला, "पोरगं शानं हाये. भाऊ, ऐक त्याचं. उद्या तू गप बस. जमीन जायची ती जाईल, पोराला नोकरी लागंल, गावाची इज्जत ऱ्हाईल."

"गावाची इज्जत का तुमचा सारा?" रतनबाईनं आतूनच विचारलं. गुळाच्या चहाची पातेली तिनं एवढ्या जोरात खाली ठेवली की माधवराव दचकले.

सगळे एकदम बोलायला लागले. तेवढ्यात आबा उठले. खांबाला धरून ते उभे राहिले, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाले, "मारुती, चल माज्यासंगं. पहार घे."

*

खाचरं उन्हानं भेगाळली होती. कडेच्या एका तुकड्यावर महिपतीनं राब भाजला होता, पाला-शेण जाळून रोपासाठी जमीन तयार केलेली. त्याची राख पायाला लागत होती. मारुती बापाच्या मागनं चालला. त्याला वाटलं होतं आबा शिव्या देतील. शिव्यांची त्याची तयारी होती.

आबा थोरल्या बांधाशी थांबले. भिमाजीचं पाणी वरच्या अंगानं यायचं, आणि आबांच्या खाचरांतलं पडळवाडीला उतरायचं ते इथनं.

"काड हा."

"काय?"

"मोरीचा दगड. खालचा. मला वाकवत न्हाई."

मारुतीनं पहार घातली. दगड निघायला बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्यानं तो उलटा केला आणि हातानं माती पुसली. दगडाच्या मधोमध पन्हळ पडली होती. चार बोटं खोल. आतनं गुळगुळीत, वाटीसारखी.

"टाकीनं कोरलाय?"

"पान्यानं. माज्या आज्यानं बसवला तवा सपाट व्हता." आबा बांधावर टेकले. "मोजनीच्या टायमाला मी हा पुरला तवा बी तीन बोटं झिजला व्हता. तुज्या आईनं मला इचारलं, दगड कशापायी लपवताय? मी म्हनलं, ह्यो बोलतो."

मारुतीनं पन्हळीतनं बोट फिरवलं.

"उद्या चावडीवर न्यायचाय. महिपतीची कंबर धरलीया."

"आबा, मी सही केलीया."

"ते ऐकलं मी. सहीचं न्हाई इचारत. दगड उचलशील का ते इचारतोय."

मारुती खड्ड्याकडं बघत राहिला. दगड निघालेल्या जागेत वैशाखातसुद्धा माती ओली होती, काळी, चिकट. त्यानं पहार तिथंच परत सोडली. ती फारसा जोर न लावता दीड हात आत गेली. त्यानं ती उपसली आणि पुन्हा दुसरीकडं सोडली. तिथंही तेच.

"काय बगतोस?" आबा म्हणाले.

"काय न्हाई," मारुती म्हणाला आणि त्यानं दगड खांद्यावर घेतला.

*

चावडीत पुरुष बसले होते. बायका बाहेर खिडकीशी. नंदाबाईनं सगळ्यांत पुढची जागा धरली होती, गजाला दोन्ही हातांनी पकडून. आत टेबलामागं प्रांतसाहेब, चष्मेवाले, चाळिशीचे, सारखे घाम पुसत होते. त्यांच्या बाजूला रेल्वेचा इंजिनेर मांडीवर हॅट ठेवून. कोपऱ्यात तलाठी दप्तर घेऊन.

आबा उभे राहिले आणि सांगितलं. नक्कल केली नाही. बांध फोडले, मोऱ्या पुरल्या, गुरं सोडली. शेवटाला म्हणाले, "ती जमीन भाताची हाये साहेब. आदी बी व्हती."

"म्हणजे तुम्ही सरकारी मोजणीत खोटं दाखवलंत," प्रांत म्हणाले.

"व्हय."

"मग आज खरं बोलताय हे मी कशावरून समजायचं? तेव्हा जमिनीसाठी खोटं बोललात. आजही जमिनीसाठीच बोलताय."

माधवराव मधे बोलायला उठले, पण आबांनी हात केला.

"तवा खोटं बोललो तर फायदा व्हता. आता खरं बोललो तर सारा वाढतोय, भावकी तोंड फिरवतीया, आन् चाळीस वर्सं ज्या गोष्टीवर लोकं हासली ती आता मला सांगता येनार न्हाई. येवढं सगळं घालवून खोटं कोन बोलंल साहेब?"

मागनं कुणीतरी खाकरलं. नंदाबाईला भिमाजीकाकांची मान दिसत होती, ताठ, हलत नव्हती.

मग दगड पुढं आणला. इंजिनेरानं तो हॅटच्या कडेनं टोकरल्यासारखा केला आणि हसला. "पत्थर तो कहीं का भी हो सकता है."

"ते आहेच," प्रांत म्हणाले. त्यांनी कागद चाळले. "आणि तुमच्याच घरातली ही संमती. मारुती रखमाजी कोण?"

"मी."

"सही तुमची?"

"व्हय."

"हा दगड कोणी आणला इथं?"

"मीच."

चावडी हसली. प्रांतांनीही ओठ दाबले. "अहो, मग तुमचं नेमकं म्हणणं तरी काय?"

नंदाबाईनं गज घट्ट धरला. मारुतीच्या डगल्याच्या खांद्यावर दगडाची माती तशीच होती. लहानपणी मार खाताना तो असाच उभा राहायचा, एक पाय दुसऱ्यावर ठेवून.

"साहेब, काम पायजे म्हनून सही केली," मारुती म्हणाला. "काम अजून बी पायजे. पन तितं रूळ टाकला तर खाली बसंल."

इंजिनेरानं वर बघितलं. "तुम किधर का आदमी है?"

"लोनावळा शेड. त्याच्या आदी दोन पावसाळे ग्यांगवर व्हतो, भरावावर. रातीला खडी टाकायची, सकाळी ती न्हाई. पुन्यांदा टाकायची, पुन्यांदा न्हाई. खाली चिखल आसला की किती बी घाला. काल मी तितं पहार सोडली. ह्या दिवसात, साहेब, आख्खं रान तापलंय तवा. दीड हात आपसूक गेली. आठ रूळ आन् त्याच्यावर डबे. येका म्होरीनं भागायचं न्हाई, आन् म्होऱ्या ठिवल्या तर रूळ कुटं टाकनार?"

इंजिनेर आता हसत नव्हता. त्यानं प्रांतांच्या कानाशी इंग्रजीत काहीतरी सांगितलं. प्रांत बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी वाचून दाखवलं. आषाढात, भर पावसात, जागा समक्ष पाहिली जाईल. पाणी दिसलं तर हरकत विचारात घेऊ. नाही दिसलं तर दप्तर म्हणतं तेच खरं धरू.

उठता उठता ते तलाठ्याला म्हणाले, "आणि ओढ्याकाठचे बाकीचे सर्व्हे नंबरही तेव्हाच तपासू."

चावडीबाहेर भिमाजी आबांच्या वाटेत उभा राहिला. "झालं मनासारखं?"

"भिमा..."

"यंदा इर्जिकीला मला हाक मारू नगंस. आन् पोरास्नी बी सांग, माज्या बांधावर पाय ठिवायचा न्हाई."

महिपती लहान भावाजवळ आला. त्यानं मारुतीच्या खांद्यावरची माती झटकली, जरा जास्तच जोरात, आणि दगड स्वतः उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ दे, दादा. कंबर."

"आरं जा," महिपती म्हणाला, पण दगड मारुतीनंच नेला.

*

आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, इर्जिक घालायची पद्धत आंबळवाडीत कुणी मोडली नव्हती. ज्याच्या खाचरात लावणी त्याच्याकडं सगळं गाव येतं, मजुरी नाही, जेवण घालायचं, आणि उद्या आपण त्यांच्याकडं जायचं. रतनबाईनं दरवर्षीसारखं चाळीस माणसांचं रांधलं. गावातनं कुणी आलं नाही. दारं उघडी होती, चुलीचा धूर निघत होता, माणसं होती. पण आलं कुणी नाही.

दिवस वर आल्यावर पडळवाडीच्या वाटेनं नंदाबाई आली. मागं अकरा बायका, इरली डोक्यावर घेऊन. आणि लोणावळ्याच्या गाडीनं मारुती, दोन दिवसांची रजा काढून. फोरमननं रजा दिली होती पण बोलणं सोडलं होतं.

"आमी तुज्या सासऱ्याच्या जमिनीसाठी न्हाई आलो हां," एका म्हातारीनं रतनबाईला सांगितलं. "आमच्या पान्यासाठी आलोय."

"कशासाठी बी या," रतनबाई म्हणाली. "मला भात संपवायचाय."

लावणी झाली. मोरीचा दगड पुन्हा जागेवर होता, आणि पाणी त्याच्यावरनं खाली उतरत होतं. मारुती परत गेला. प्रांत चार दिवसांनी यायचे होते.

दोन दिवस आधी सकाळी महिपती बांधावर गेला आणि धावत परत आला. वरनं यायचं पाणी थांबलं होतं. पाऊस धो धो चालला होता, ओढा भरून वाहत होता, आणि थोरल्या खाचरांत वरनं थेंब येत नव्हता. आकाशातलं पडेल तेवढं मोरीतनं खाली निघून जात होतं. रोपांच्या बुडाला नुसता चिखल.

"काकानं म्होरी बुजवलीया." महिपतीनं फावडं उचललं. "जातो. फोडतो. काय व्हायचं ते व्हऊ दे."

"बस," आबा म्हणाले.

"आबा, परवा साहेब येनार. पानी दिसलं न्हाई तर संपलं सगळं!"

"त्यानं काय सांगितलंय? बांधावर पाय ठिवायचा न्हाई. न्हाई ठिवायचा." आबांनी तपकिरीची डबी उघडली. "भिमाच्या खाचराला म्होरी किती?"

"यक."

"आन् डोंगराचं पानी कुटं उतरतं?"

महिपतीनं डोंगराकडं बघितलं; ते सगळं पाणी काकाच्याच खाचरात साठत जाणार होतं. मग त्यानं फावडं भिंतीला टेकवलं, पण बसला नाही. दोन दिवस तो घर आणि बांध, घर आणि बांध, एवढंच करत राहिला. रतनबाई एकदा त्याला म्हणाली, "येवढं चालला असतात तर पंढरीला पोचला असतात." आबा जागचे हलले नाहीत, पण तिच्या लक्षात आलं की त्यांची तपकिरीची डबी पहिल्याच संध्याकाळी संपली होती आणि ते ती रिकामीच उघडत होते.

ठरल्या दिवशी प्रांत आणि इंजिनेर कामशेत स्टेशनावरनं छत्र्या घेऊन आले. मारुती त्याच गाडीनं आला. मागं तलाठी, दप्तर मेणकापडात. महिपतीनं त्यांना मधल्या बांधावर नेलं. खाचरांत हिरवी रोपं होती, बोटभर चिखल होता, आणि जागोजाग तांबडी फडकी बांधलेल्या रेल्वेच्या खुंट्या होत्या, पाण्याबाहेर, चांगल्या ताठ.

इंजिनेरानं चौफेर नजर टाकली. "पानी किधर है?"

प्रांतांनी चष्मा पुसला. "रोपं दिसतायत हे खरं. पण पाणी दिसलं पाहिजे असं ठरलं होतं. लावणी काय, दाखवायलाही करता येते. तुमच्या घरात ते पूर्वी झालेलं आहे."

"साहेब, वरनं..." मारुती बोलायला गेला.

आबांनी त्याचा दंड दाबला. ते वर बघत होते. भिमाजीच्या बांधावर कुणीतरी होतं. भिमाजीच, कंबरेपर्यंत चिखलानं भरलेला, फावड्यानं माती ओढून बांधावर टाकत होता. टाकायचा, दोन पावलं धावायचा, दुसरीकडं टाकायचा. त्याच्या मागं खाचर काठोकाठ भरलं होतं. नुकत्याच लावलेल्या रोपांचं टोकही दिसत नव्हतं.

मग त्यानं फावडं टाकलं आणि ओरडला, "चाललं! माजा बांध चालला! सोडतोय रे! बाजूला व्हा!"

तो बांधाखाली उतरला, मोरीतली घोंगडी आणि दगड दोन्ही हातांनी ओढून काढले, आणि पाणी सुटलं.

ते गढूळ, फेसाळ, पहिल्या खाचरातनं दुसऱ्यात आलं, दुसऱ्यातनं तिसऱ्यात. खुंट्या आधी वाकल्या, मग दिसेनाशा झाल्या, मग दोन-तीन निघून पडळवाडीकडं चालल्या, फडक्यांसकट. मधला बांध ओला झाला. इंजिनेरानं एक पाय वर घेतला, मग दुसरा कुठं ठेवावा ते कळेना. मारुतीनं त्याला पाठुंगळी घेतलं. महिपतीनं प्रांतांना. तलाठ्याला कुणी घेतलं नाही, तो दप्तर डोक्यावर धरून मांडीभर पाण्यातनं आला.

वरच्या अंगाला, कोरड्यावर, सगळे भिमाजीसमोर येऊन उभे राहिले. तो बसला होता. धाप लागली होती.

"पाणी तुम्ही अडवलं होतं?" प्रांतांनी विचारलं.

भिमाजीनं आबांकडं बघितलं. आबांनी नजर हटवली नाही.

"व्हय," भिमाजी म्हणाला.

"का?"

"तुमाला दिसू नये म्हनून."

"कधीपासून?"

"परवापास्नं. दोन दिस निघालं." त्यानं तोंडावरचा चिखल पुसला. "तिसरा निघना साहेब. रातभर मी आन् माजी दोन पोरं माती टाकतोय. माजी सगळी लावनी गेली."

इंजिनेर खालच्या पाण्याकडं बघत होता. त्यानं काखेतला नकाशा काढला, न उघडता परत काखेत घातला आणि म्हणाला, "दूसरी जगह देखना पडेगा." प्रांत छत्रीखाली उभ्या उभ्या लिहायला लागले. मारुतीनं नकाशा परत जाताना बघितला. पाच वर्षं आणि तीस माणसं. तो डगल्याच्या बाह्या पिळत राहिला.

"तुमचा नंबर सांगा," प्रांत भिमाजीला म्हणाले. "दप्तरात काय आहे?"

तलाठ्यानं मेणकापड उघडायला घेतलं. भिमाजीनं हात वर केला.

"त्याला भिजवू नगा. मी सांगतो. वरकस हाये."

"आणि खरं काय?"

भिमाजी उठून उभा राहिला. खाली स्वतःच्या पायांकडं बघितलं, मग मागं आपल्या बुडालेल्या खाचराकडं.

"भात," तो म्हणाला. "लिवा. भात."

प्रांतांनी लिहिलं. मग भिमाजीनं फावडं उचललं आणि कुणाकडंही न बघता निघाला.

"भिमा," आबांनी हाक मारली. "पुन्यांदा लावायला रोप हाये का तुज्याकडं?"

भिमाजी थांबला. वळला नाही. "कुटनं आसनार?"

"आमच्याकडं उरलंय. उद्या येतो आमी. महिपती, मारुती, पडळवाडीच्या बाया. पन जेवान तुला घालावं लागंल. चाळीस मानसांचं."